चौदा माणसांचं गाव

अमेरिका म्हणजे न्यूयॉर्क, लास वेगास आणि आऊटलेट मॉल एवढंच नाही. कॅन्ससच्या गव्हाच्या शेतांमध्ये एक टाउनशिप आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी जमिनीत बिळं खणून वसवलेली, रेल्वेने टाकून दिलेली, आणि तरीही नकाशावरून पुसायला नकार देणारी…

‘टाउनशिप’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? मोठ्ठी कमान, कमानीवर इटालियन वाटावं असं नाव, क्लब हाउस, जॉगिंग ट्रॅक आणि वीस वर्षांचं होम लोन. बरोबर? अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये हाच शब्द वापरा, लोक भलतंच काहीतरी समजतील. तिथे टाउनशिप म्हणजे जमिनीचा एक चौकोन. सहा मैल लांब, सहा मैल रुंद. त्यात शहर असेलच असं नाही. गाव असेलच असंही नाही. कधी कधी तर गाईगुरं जास्त आणि माणसं कमी.

अशाच एका ठिकाणी मी मागच्या उन्हाळ्यात जाऊन आले. नाव निकोडेमस. राज्य कॅन्सस, काउंटी ग्रॅहम. २०२० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या किती नोंदवली गेली असेल? चौदा. छपाईची चूक नाही, चौदाच. आपल्या सोसायटीत एका विंगच्या एका मजल्यावर याहून जास्त माणसं राहतात आणि लिफ्टच्या मेंटेनन्सवरून भांडतात.

मग एवढ्या लांब जायचं कशाला? कारण हे चौदा माणसांचं गाव अमेरिकेचं ‘नॅशनल हिस्टॉरिक साइट’ आहे. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून मोकळ्या झालेल्या कृष्णवर्णीयांनी मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला ज्या वसाहती उभ्या केल्या, त्यांतली सगळ्यांत जुनी आणि आजही टिकून असलेली ही वस्ती. बाकीच्या बहुतेकांचं आता शेत झालंय.

सरळ रस्ता, मग आणखी सरळ रस्ता

माझी कॉलेजची मैत्रीण कॅन्सस सिटीजवळ राहते. नवरा आयटीमध्ये, घर ओव्हरलँड पार्कला, मराठी मंडळाच्या गणपतीत हिचा नाच ठरलेला. मी निकोडेमसचं नाव काढल्यावर तिची पहिली प्रतिक्रिया : “अगं, आठ दिवसांसाठी आलीयेस, शिकागो बघ की! त्या बाजूला काय आहे? काहीच नाहीये!”

हे ‘काहीच नाहीये’ बघायला साधारण पाचशे किलोमीटर गाडी हाणावी लागते. इंटरस्टेट सत्तर पकडायचा आणि पश्चिमेकडे तोंड करून बसायचं. पहिला तासभर झाडी असते. मग फ्लिंट हिल्सच्या गवताळ टेकड्या लागतात, डोळ्यांना एकदम थंडावा. त्यानंतर मात्र झाडं एकेक करून गाडीतून उतरल्यासारखी गायब होतात. गवत बुटकं होतं. आकाश एवढं मोठं होतं की आपल्याला उगाचच खाली वाकून बसावंसं वाटतं. हेज नावाच्या कॉलेजच्या शहरात कॉफी घ्यायची, उत्तरेला स्टॉकटनकडे वळायचं, आणि तिथून हायवे चोवीसवर पुन्हा पश्चिमेला. इथे कुठलंही गाव येण्याआधी त्याचा ग्रेन एलेव्हेटर दिसतो. गहू साठवायचे ते पांढरे, सिमेंटचे, दहा मजली वाटतील असे कोठार. आपल्याकडे लांबून देवळाचा कळस दिसतो तसा.

निकोडेमसला मात्र एलेव्हेटर नाही. त्यामुळे गाव आलं हे कळेपर्यंत गाव अर्धं मागे गेलेलं असतं. का नाही, ती गोष्ट पुढे येईलच.

आणि वारा! सॉलिड वारा. गाडीचं दार उघडलं तर हातातून सुटून जातं. माझ्या मैत्रिणीचा सनकोट पहिल्याच मिनिटाला कुंपणाला जाऊन अडकला.

वर्तमानपत्रावर रेषा ओढाव्यात तसं

आता थोडा भूगोल. कंटाळू नका, सगळी गंमत इथेच आहे.

१७८५ मध्ये अमेरिकेने जमीन मोजण्याचा एक कायदा केला. अल्लेगेनी पर्वताच्या पलीकडची जमीन विकायची होती, सरकारची तिजोरी रिकामी होती, आणि एकेका शेताची वाकडीतिकडी हद्द मोजत बसायला वेळ नव्हता. मग त्यांनी सरळ देशावर चौकटी आखायला घेतल्या. सहा मैलांचा चौकोन म्हणजे टाउनशिप. त्यात एकेक चौरस मैलाचे छत्तीस तुकडे, त्यांना म्हणायचं सेक्शन. एका सेक्शनमध्ये ६४० एकर. सोळाव्या नंबरचा सेक्शन शाळेसाठी राखीव. मध्ये नदी येते का, टेकडी येते का, याचा विचार नाही. तिथे आधीपासून कोण राहतंय, शिकार करतंय, याचाही नाही. पॉनी, कॉ, शायेन, अरापाहो या जमाती ज्या माळरानावर रानगव्यांच्या मागे फिरायच्या, त्यावर कुणीतरी पट्टी ठेवून रेषा ओढल्या. आजही विमानातून मिडवेस्ट दिसतो तो असा, बुद्धिबळाच्या पटासारखा.

नंतर १८६२ मध्ये होमस्टेड कायदा आला. सेक्शनचा पाव भाग, म्हणजे १६० एकर, कुणीही घ्या, पाच वर्षं तिथे राहा, जमीन कसा, किरकोळ फी भरा, जमीन तुमची! आपल्या मराठी कानांना १६० एकर म्हणजे थेट जमीनदारीच वाटते. मलाही वाटली होती.

पण इथे एक मेख आहे. निकोडेमसच्या अगदी जवळून, थोडासा पश्चिमेला, शंभरावा रेखांश जातो. मिडवेस्टचा ओला भाग जिथे संपतो आणि कोरडा पश्चिम भाग जिथे सुरू होतो, ती ही ढोबळ सीमा. याच्या पूर्वेला वर्षाला वीस इंचांच्या वर पाऊस, म्हणजे पाचशे मिलिमीटरपेक्षा जास्त, पश्चिमेला त्याहून कमी. निकोडेमस बरोबर कुंपणावर बसलंय. एक वर्ष पूर्वेसारखं जातं, तीन वर्षं पश्चिमेसारखी. १८७८ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने सरकारला अहवाल दिला, की या कोरड्या पट्ट्यात पाण्याशिवाय १६० एकरांत कुटुंब जगणार नाही. गुरं पाळून जगायचं तर २,५६० एकर हवेत! सरकारने अहवाल छापला आणि जमीनवाटप आधीसारखंच चालू ठेवलं. सरकारं सगळीकडे सारखीच असतात, असं म्हणायचा मोह मी आवरते.

एक घोळ मात्र निस्तरायला हवा. मोजणीची टाउनशिप वेगळी आणि कारभाराची वेगळी. कारभाराची म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीची लांबची बहीण. ट्रस्टी, क्लार्क, खजिनदार अशी तीन माणसं आणि प्रामुख्याने रस्त्यांची कामं. निकोडेमस हे गावाचंही नाव आहे आणि त्याच्या भोवतीच्या या कारभारी टाउनशिपचंही.

पाच डॉलर आणि एक पत्रक

१८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेत गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. एक मार्काचा प्रश्न. पण ज्या माणसांच्या सुटकेचं कौतुक पुण्यात चाललं होतं, त्या माणसांचं सुटल्यानंतर काय झालं, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. निकोडेमस हे त्याचं एक उत्तर आहे.

१८६५ मध्ये युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्याने गेली. पण जमीन मालकाचीच राहिली. केंटकीत, टेनेसीत, मिसिसिपीत कालचे गुलाम आज त्याच शेतात वाट्याने राबू लागले. दक्षिणेत त्यांच्या संरक्षणासाठी ठेवलेलं केंद्राचं सैन्य १८७७ मध्ये मागे घेतलं गेलं आणि मग मतदान करणाऱ्या, शाळा काढणाऱ्या, जमीन मागणाऱ्या माणसांची काही खैर राहिली नाही.

त्याच वर्षी केंटकीतल्या चर्चेसमधून पत्रकं फिरू लागली. कॅन्ससला चला! कॅन्सस हे नाव त्या लोकांसाठी साधं नव्हतं. गुलामगिरीविरुद्ध बंदूक उचलणारा जॉन ब्राउन इथेच लढला होता. पत्रकं काढणाऱ्या कंपनीत दोन मुख्य माणसं. डब्ल्यू. एच. स्मिथ, कृष्णवर्णीय, कंपनीचे अध्यक्ष. आणि डब्ल्यू. आर. हिल, इंडियानाहून आलेला गोरा जमीन-दलाल. पाच डॉलर भरा आणि नव्या गावात प्लॉट मिळवा. सुपीक माती, पाणी, सगळं काही. ब्रोशरमध्ये काय काय लिहितात हे आपल्याला नव्याने सांगायला नको!

गावाचं नाव निकोडेमस. बायबलमध्ये या नावाचा माणूस आहेच, पण पत्रकं काढणाऱ्यांच्या डोक्यात बहुधा हेन्री क्ले वर्क या गीतकाराचं १८६४ मधलं लोकप्रिय गाणं होतं. त्यात निकोडेमस नावाचा एक म्हातारा गुलाम आहे, सुटकेचा दिवस उजाडला की मला उठवा असं सांगून झोपलेला.

सुरुवातीला, १८७७ च्या उन्हाळ्यात, तीसेक माणसं आली. सप्टेंबरात केंटकीहून तीनशेच्या आसपास माणसांचा जथा निघाला. रेल्वे एलिस या गावापर्यंत. तिथून पुढे पंचावन्न किलोमीटर पायी, पोराबाळांसकट, सामानासकट. दोन दिवस चालून जिथे पोचले तिथे गाव नव्हतं. एकही घर नव्हतं. झाड नव्हतं. जमिनीतून फक्त धूर येत होता.

जमिनीतून धूर

तो धूर होता आधी येऊन राहिलेल्यांच्या चुलींचा. लाकूड नाही, विटा नाहीत, हिवाळा दारात. मग त्यांनी ओढ्याकाठच्या उतारात खड्डे खणले, वर काटक्या, गवत आणि मुळांसकट कापलेल्या मातीच्या लाद्या घातल्या. इंग्रजीत याला डगआउट म्हणतात. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, आणि पावसात छतातून चिखल. सापही येत असणारच.

पुढच्या वसंतात केंटकीच्या जॉर्जटाउनहून रेव्हरंड डॅनिएल हिकमन यांच्याबरोबर आणखी एक जथा आला. एलिसमध्ये गोवराची साथ लागली. तिथेच तंबूंमध्ये अडकून पडले आणि काही लेकरं तिथेच गेली. रेव्हरंडची बायको विलियाना हिकमन यांची आठवण नोंदवून ठेवलेली आहे. कितीतरी दिवसांच्या प्रवासानंतर नवऱ्याने बोट दाखवून म्हटलं, ते बघ निकोडेमस. त्या आजारातून नुकत्या उठलेल्या होत्या. उत्सुकतेने पाहतात तर गाव कुठेच नाही, जमिनीतून वर येणारा धूर तेवढा दिसतोय आणि माणसं जमिनीखाली राहतायत. त्यांना रडू कोसळलं.

मी ही आठवण वाचली होती. पण तिथे, त्या वाऱ्यात, चारी बाजूंना एकही आडोसा नसताना उभं राहिल्यावर ती वेगळी कळते. घर सोडून आलेली बाई. मागे परत जायला घर नाही, कारण मागचं घर कधी आपलं नव्हतंच.

काही कुटुंबं आल्या पावली परत फिरली. हिलवर लोक इतके चिडले होते, की त्याला जीव वाचवण्यासाठी लपून बसावं लागलं असं सांगतात. बाकीचे राहिले. तो पहिला हिवाळा निभावला तो शिकारीहून परतणाऱ्या ओसेज जमातीच्या लोकांनी दिलेल्या मांसावर, अशी आठवण गावात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. म्हणजे बघा, ज्यांची शिकारीची राने सरकारने चौकटीत बसवली, त्यांनीच त्या चौकटीत नव्याने आलेल्यांना जेवू घातलं. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत येतं. मला वाटतं, याला आख्खं पान हवं.

जळणाला रानगव्यांच्या वाळलेल्या शेणी, म्हणजे आपल्या गोवऱ्याच. नांगराला घोडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, म्हणून पुष्कळांनी पहिली शेतं कुदळ-फावड्याने खणली. प्रेअरीचं गवत म्हणजे वर वीतभर आणि खाली जमिनीत पुरुषभर मुळं. ती माती फावड्याने फोडायची! पुरुष मजुरीला रेल्वेच्या कामांवर आणि पूर्वेकडच्या शेतांवर जायचे, बायका मागे शेत, पोरं आणि डगआउट सांभाळायच्या. माळावर पडलेली रानगव्यांची हाडं गोळा करून विकायचाही एक धंदा होता. सुरुवातीला बाहेरून धान्याची, कपड्यांची मदत यायची. पण १८७९ मध्ये गावकऱ्यांनीच ठरवलं, आता मदत मागायची नाही.

आणि मग हळूहळू गाव जमिनीच्या वर आलं. आधी गवताच्या लाद्यांची घरं, मग आसपासच्या चुनखडीच्या दगडाची. झेड. टी. फ्लेचर हे पहिले पोस्टमास्तर. त्यांची बायको जेनी हिने मुलांना शिकवायला सुरुवात केली. ज्यांना लिहावाचायला शिकवणं हा दक्षिणेत पुष्कळ ठिकाणी गुन्हा होता, त्यांची मुलं माती उकरून केलेल्या खोलीत बाराखडी गिरवत होती. फ्लेचर जोडप्याने पुढे सेंट फ्रान्सिस हॉटेल काढलं. ती इमारत अजून उभी आहे.

एडविन नव्हे, एडवर्ड मॅकेब हे नावही लक्षात ठेवा (नेटवर दोन्ही सापडतात, गोंधळू नका). न्यूयॉर्क राज्यात जन्मलेला हा तरुण १८७८ मध्ये इथे आला, जमिनीची कागदपत्रं करून देऊ लागला, आणि १८८२ मध्ये कॅन्सस राज्याचा ऑडिटर म्हणून निवडून आला. गुलामगिरी संपून सतराच वर्षं झाली होती. १८८४ मध्ये पुन्हा निवडून आला. वय पस्तिशीच्या आत. आपल्यापैकी बरेच जण त्या वयात अप्रेझलची वाट बघत असतात.

रेल्वे आली, पण नदीपलीकडे

१८८० च्या दशकाच्या मध्यावर निकोडेमस जोरात होतं. हॉटेलं, बँक, दुकानं, चर्चेस, बेसबॉलची टीम. वर्तमानपत्रं चक्क दोन. त्यातल्या एकाचं नाव ‘वेस्टर्न सायक्लोन’. त्या वाऱ्यात दुसरं काय नाव ठेवणार?

आता फक्त रेल्वे हवी होती. त्या काळात प्रेअरीवर रेल्वे म्हणजे आज आपल्याकडे मेट्रो स्टेशन. ज्याच्या दाराशी येईल तो तरला. १८८७ मध्ये टाउनशिपच्या मतदारांनी मिसुरी पॅसिफिक रेल्वेला आणण्यासाठी सोळा हजार डॉलरचे बाँड मंजूर केले. दहा वर्षांपूर्वी पाच डॉलर जमवताना जीव निघालेल्या माणसांनी सोळा हजार! मिसुरी पॅसिफिक आली नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकने लाइन टाकली, पण ती सॉलोमन नदीच्या दक्षिणेकडून, काही मैल लांबून. रेल्वे कामगारांचा तिथे तळ पडला, त्या तळाचं गाव झालं, त्याचं नाव बोग.

मग जे घडलं ते दृश्य मला डोळ्यांपुढे आणता येतं आणि आणवतही नाही. निकोडेमसच्या दुकानदारांनी आपली दुकानं बंद केली नाहीत, दुकानंच्या दुकानं उचलली आणि नदीपलीकडे ओढत नेली. लाकडी इमारती होत्या, खाली ओंडके घालून ओढता यायच्या. एक एक करून गावाचे दात पडावेत तसा रस्ता रिकामा होत गेला. मॅकेब ओक्लाहोमाला गेले आणि तिथे लँगस्टन हे दुसरं कृष्णवर्णीय गाव वसवण्यात गुंतले. निकोडेमसला ग्रेन एलेव्हेटर का नाही, त्याचं उत्तर हे. एलेव्हेटर रुळांच्या कडेला उभा राहतो.

रेल्वेने निकोडेमसला त्वचेच्या रंगामुळे टाळलं का? माझ्या मैत्रिणीने परतताना हेच विचारलं. त्या काळात रेल्वे कंपन्यांनी गोऱ्यांचीही पुष्कळ गावं अशीच कोरडी टाकली. पण मला असं वाटतं, ज्या गावाचे आमदार नाहीत, ओळखीचे बँकर नाहीत, त्याच्याकडे पाठ फिरवणं सगळ्यांत स्वस्त पडतं. तेव्हा वेगळ्या कारणाची गरजही नव्हती.

या सगळ्यात हिलचं काय झालं? त्याच्या नावाचं गाव पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर आहे. हिल सिटी. काउंटीचं मुख्यालय, कोर्ट, दुकानं, साधारण चौदाशे वस्ती. निकोडेमसच्या जवळपास शंभर पट. ब्रोशर छापणाऱ्याचं भलं होतं ते असं!

घटत गेलेले आकडे

त्यानंतर गाव लगेच मेलं असं मात्र नाही. शेती होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाऊस बरा पडला. कॅन्ससमध्ये १८७४ मध्ये रशियन साम्राज्यातून आलेल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी ‘टर्की रेड’ नावाचा गहू आणला होता. शरद ऋतूत पेरायचा, बर्फाखाली झोपू द्यायचा, जूनच्या शेवटाला कापायचा. म्हणजे आपला रब्बीच, फक्त फ्रीजमधला. या गव्हाने आख्खं राज्य तारलं. निकोडेमसनेही १९०७ मध्ये नवं बाप्टिस्ट चर्च बांधलं, १९१८ मध्ये शाळेची नवी इमारत.

मग तीसचं दशक. दुष्काळ, धुळीची वादळं आणि मंदी, तिन्ही एकदम. नांगरून उघडी केलेली प्रेअरी अक्षरशः आकाशात उडून गेली. त्यातच १९३९ मध्ये रूझवेल्टच्या रोजगार योजनेतून गावाला एक टाउनशिप हॉल मिळाला. चुनखडीचा, बसका, भक्कम. गाव रिकामं होत असताना सभागृह मिळावं हा विनोद म्हणायचा की जिद्द, तुम्हीच ठरवा.

१९५० मध्ये गावात उरली सोळा माणसं. त्या दशकात पोस्ट ऑफिस गेलं, पाठोपाठ शाळा बंद झाली. पॉवेलने सांगितलं होतं तेच अखेर झालं. १६० एकरांत भागेना, शेतं एकमेकांत विरघळली, ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर मोठे झाले, माणसांची गरज संपली. हे फक्त निकोडेमसचं नाही, मिडवेस्टच्या ग्रामीण पट्ट्यात शेकडो टाउनशिपची हीच कथा. फरक एवढाच, की बाकी ठिकाणी शेजारच्या गावात गेलं तरी आपण आपल्यातच राहतो. इथल्या माणसाने गाव सोडलं की तो एकदम परक्या जगात अल्पसंख्य होतो.

तरी या मातीतून माणसं निघालीच. व्हेरिल स्वित्झर हा १९३२ मध्ये इथे जन्मलेला मुलगा कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीकडून फुटबॉल खेळला, १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्सनी त्याला देशभरातल्या खेळाडूंमधून चौथ्या क्रमांकावर निवडलं. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हेल्मेटवाला.) पुढे तो आपल्याच युनिव्हर्सिटीत अधिकारी झाला. २०२२ मध्ये तो गेला.

गाव वाचवलं ते निघून गेलेल्यांनीच. १९७६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा म्हणून नोंद झाली. १९८८ मध्ये वंशजांनी आपली हिस्टॉरिकल सोसायटी काढली, वॉशिंग्टनमध्ये चकरा मारल्या, कॅन्ससचे सिनेटर बॉब डोल यांनी बाजू लावून धरली, आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये निकोडेमस नॅशनल पार्क सर्व्हिसच्या छत्राखाली आलं. पाच इमारती त्यात येतात : टाउनशिप हॉल, १८८५ चं ए. एम. ई. चर्च, जुनं बाप्टिस्ट चर्च, हॉटेल आणि शाळा. पाचही पायी बघायला तासभर पुरतो. आम्हाला तीन लागले, कारण प्रत्येक भिंतीपाशी थांबून मी वही काढत होते आणि मैत्रीण वाऱ्यात केस धरून उभी राहत होती. चर्चच्या गिलाव्याखालून चुनखडीचा पिवळसर दगड डोकावतो, त्याला हात लावला तर भर उन्हातही तो थोडा गार लागतो.

पण चौदा म्हणजे चौदा का? तर नाही. जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी इथे ‘होमकमिंग’ असतं. मूळचा हा मुक्तिदिन. ब्रिटिशांनी वेस्ट इंडीजमध्ये १ ऑगस्ट १८३४ ला गुलामगिरी संपवली, त्याची आठवण म्हणून निकोडेमसमध्ये १८७८ पासून सण सुरू झाला. तेव्हा स्वतःच्या पोटाला नव्हतं, तरी सण! आता डेन्व्हरहून, टोपीकाहून, कॅलिफोर्नियातून शेकडो वंशज येतात. मिरवणूक, चर्चमध्ये प्रार्थना, बार्बेक्यू, पूर्वजांच्या गोष्टी, आजीआजोबांच्या थडग्यांवर फुलं. कोकणातलं कुलूपबंद घर गणपतीत कसं पाच दिवस भरतं, तसंच. सोमवारी पुन्हा चौदा.

आम्ही गेलो तेव्हा होमकमिंगला अवकाश होता. हॉलसमोरच्या बागेत एक आजोबा झारीने पाणी घालत होते. हात वर करून त्यांनी आम्हाला ओळख नसताना हाक दिली आणि पुन्हा पाणी घालू लागले. मैत्रिणीच्या तोंडून ‘काहीच नाहीये’ हा शब्द नंतर निघाला नाही. एलिसकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिने स्वतःहून गाडी कडेला घेतली, किलोमीटर मोजले आणि म्हणाली, “पंचावन्न? पोरांना कडेवर घेऊन?” मग बराच वेळ आम्ही दोघी गप्प होतो.

जायचं झालं तर…

कॅन्सस सिटी किंवा डेन्व्हर, दोन्हीकडून साधारण पाच तासांचं ड्राइव्ह. प्रवेश फुकट. व्हिजिटर सेंटर टाउनशिप हॉलमध्ये आहे, पण वेळा बदलतात, निघण्याआधी पार्क सर्व्हिसच्या साइटवर बघून घ्या. गावात खायला-प्यायला मिळेल अशी आशा धरू नका, डबा न्या. पेट्रोल हिल सिटी किंवा स्टॉकटनला भरा. राहायचं असेल तर हेजमध्ये हॉटेलं पुष्कळ आहेत, पण होमकमिंगच्या आठवड्यात आधी बुकिंग करा. उन्हाळा हलक्यात घेऊ नका : २०१२ च्या जूनमध्ये शेजारच्या हिल सिटीत ११५ फॅरनहाइट, म्हणजे ४६ सेल्सिअस पारा गेला होता आणि काही दिवस ते देशातलं सर्वांत तापलेलं ठिकाण ठरलं होतं. एप्रिल-मेमध्ये चक्रीवादळांचा सीझन असतो, हवामानाचं ॲप चालू ठेवा. टोपी हनुवटीखाली बांधायची दोरीवाली घ्या. मोबाइलची रेंज ये-जा करते, नकाशा डाउनलोड करून ठेवलेला बरा. चुकलात तरी फार बिघडत नाही, दर मैलावर चौक आहे.